घेण्यास नकार

अवसरी खुर्द
८ जानेवारी २०२४

आत्याबाई, पाया पडते.

पत्राच्या वरती काय काय लिहित्यात ते आमच्या हापिसातल्या रखमाजीकाकांनी सांगितलं व्हतं, पण मला ते जमलं न्हाई. मी नववी शिकलेली. बोलते तसंच लिहिते. हे तुमाला आरतीताई वाचून दाखवतील. ताई, तुमी माझ्या थोरल्या जाऊबाई, तुमाला सांगायला नको, पण मधलं काय गाळू नका.

फोन का केला न्हाई म्हणाल. केला. जानकूदादांना लावला तर थोरले दीर असून कट करत्यात. ताईंचा लागला की ताई म्हणत्यात, "आत्याबाई रानात हायेत." सकाळी रानात, दुपारी रानात, सांजच्याला बी रानातच. मग म्हटलं पत्रच लिहावं.

स्वराजला चंपाषष्ठीला तळी भरायला न्यायचं म्हणून दादा आले. बाप न्हाई तर लेक लागतो म्हणाले. मी आडवी आले न्हाई. देवाचं हाय. नवा शर्ट घालून दिला, स्वेटर पिशवीत घातला. चार दिवसांत आणून सोडतो म्हणाले. आता जानेवारी लागला. पहिलीच्या बाई मला रस्त्यात विचारत्यात, स्वराज कुठंय. मी म्हणते आजीकडं. येवढंच म्हणते.

तुमी गावात सांगता की शीला बाजारात टपाल वाटती. तसं न्हाई. आमचं कॉलेज हायवेकडं हाय, खाजगी. तितं एक खोली हाय, तिला आवक-जावक म्हणत्यात. सकाळी पोस्टाची पिशवी येती, कुरियरवाले येत्यात. सगळी पाकिटं टेबलावर ओतायची, प्राचार्यांची वेगळी, परीक्षेची वेगळी, हॉस्टेलची वेगळी. आवकचा शिक्का मारायचा, वहीत लिहायचं, मग ज्याचं त्याला देऊन सही घ्यायची. दुपारनंतर जावक. पत्ते लिहायचे, काट्यावर वजन करायचं, तिकीट लावायचं, पोस्टात नेऊन टाकायचं. पंख्याखाली बसून काम हाय. कुणी वाकडं बोलत न्हाई.

पगाराचं बी सांगते, कारण दादा म्हणाले व्हते, "ती काय खायला घालणार पोराला." मी कॉलेजची न्हाई, कंत्राटदाराची माणूस हाय. कागदावर बारा हजार, फंड कापून हातात दहा-साडेदहा येतात. कधी महिन्याच्या सात तारखेला, कधी पंधराला. दिवाळीला एक मिठाईचा बॉक्स. कायम व्हायचं म्हणाल तर व्हत न्हाई, तिथलं कुणीच झालेलं न्हाई. पण दोघांचं भागतंय. माझ्या आईच्या घरी ऱ्हाते, भाडं न्हाई. स्वराजला दूध चालू हाय.

हे पत्र मी रजिस्टर करून धाडते. साध्या पत्राचं काय खरं नसतं, कुठं पडलं कुठं न्हाई. रजिस्टर म्हंजी पोस्टमन तुमच्याच हातात देणार, तुमचा अंगठा घेणार, आन पोचपावतीचं कार्ड माझ्याकडं परत येणार. आमच्या खोलीत ज्याला पोचायलाच पायजे असं पत्र असतं ते रजिस्टरनंच जातं. म्हणून माझ्या खर्चानं केलंय.

पोराला आणून सोडा. न्हाईतर निरोप द्या, मी न्यायला येते.

तुमची सून
शीला

अवसरी खुर्द
२५ जानेवारी २०२४

आत्याबाई,

तुमाला लिहिलेलं पत्र परवा माझ्याच टेबलावर आलं.

घरी दिवसा कुणी नसतं, म्हणून पाठवणाराचा पत्ता मी हापिसाचा टाकला व्हता. सकाळी पिशवी ओतली, शिक्के मारायला घेतले. हात चालू व्हता माझा. एका पाकिटावर शिक्का मारून झाला आन काका म्हणाले, "अगं ए, हे तुझं अक्षर न्हाई का?" बघितलं तर माझंच. वरती लाल पेननं लिहिलेलं, घेण्यास नकार. पाकीट फोडलेलं बी न्हाई.

काका म्हणाले, "वहीत चढवू नको. खाजगी हाय. पिशवीत टाक तुझ्या."

आत्याबाई, तुमी दारात आलेलं पत्र हात न लावता धाडून दिलंत. मी काय असं वाईट केलं तुमचं? हे गेल्यावर वरीसभर मी तुमच्याच घरात ऱ्हायले. कांदे काढले, टोमॅटो तोडले, तुमच्या पाठीला तेल लावलं. नोकरीला जाते म्हटलं तर दादा म्हणाले, "घरातली बाई दुसऱ्याची ताबेदारी करणार न्हाई." मी म्हटलं, दुसऱ्याच्या बांधाला खुरपायला गेलं तर चालतं, मग ह्याला काय व्हतं. त्यावर भांडण झालं. तेवढंच. चोरी केली न्हाई, कुणासंगं गेले न्हाई.

तुमी पोरगं ठेवून घ्यायचं ठरवलंय असं आता मला कळतंय. मग ऐका. मी गप बसणार न्हाई. मंचरला वकील हाय, माझ्या भावाच्या वळखीचा. सहा वर्षाच्या पोराला आईपासून तोडता येत न्हाई असं लोक सांगत्यात. मी त्याच्याकडं जाईन. मग कॉलेजच्या खोलीतली बाई म्हणून हसू नका.

ह्या पाकिटात जुनं पत्र तसंच बंद घालते. शाळेच्या बाईंची चिठ्ठी घालते, शाळेचा शिक्का मारून दिलीय त्यांनी, पोरगं गैरहजर हाय म्हणून. स्वराजचं पुस्तक बी घालते, कवितेचं, त्याला ते पाठ म्हणायला आवडतं. पाकीट जाड झालंय. परत रजिस्टरच करते. आता तरी घ्या.

शीला

कार्ड पहिलं
१३ फेब्रुवारी २०२४

आत्याबाई, पाया पडते. जाड पाकीट बी परत आलं. म्हणून आता साधं कार्ड. ह्याला पाकीट नसतं, डिंक नसतो, अंगठा नसतो. कुणीबी वाचावं. पोस्टमनभाऊ, तुमी बी वाचा, मोठ्यानं वाचा, झाकायचं काय न्हाई. एका कार्डात मावत न्हाई म्हणून पाच लिहिते, वरती नंबर टाकते.

परवा आमच्या खिडकीत तुमच्या बोरीचे गेणभाऊ आले. त्यांचा पोरगा आमच्याकडं शिकतो. हजेरी कमी भरली म्हणून कॉलेजनं त्यांना रजिस्टर धाडलं व्हतं, ते मीच धाडलेलं. त्यांनी दोनदा परत लावलं. पोरगा परीक्षेला बसतो का न्हाई अशी येळ आली तवा धावत आले. पुढच्या कार्डात सांगते.

कार्ड दुसरं

गेणभाऊ खिडकीतून माझ्यावरच वरडले. "आहो बाई, रजिस्टर कशाला धाडता! आमच्यात रजिस्टर आलं म्हंजी कोरट आलं. आमच्या म्हातारीनं कडी लावून घेतली आतून. पोस्टमन म्हणतो सही करा, म्हातारी म्हणती सही केली की कबूल झालं!"

काका हसायला लागले. मी बी हसले. मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तू जानकूच्या धाकट्या भावाची मंडळी न्हवं? आरं देवा! म्हंजी तुझ्या सासूच्या, त्या म्हाळसाबाईच्या घरी आलेली रजिस्टरं तुझी व्हय!"

तवा मला कळलं. गेणभाऊ म्हणाले त्यांचं नाव लिहिलं तरी चालंल. लिहिलं.

कार्ड तिसरं

त्यांनी सांगितलं की तुमच्या घरात मागं एकदा रजिस्टर आलं व्हतं, तुमच्या चुलत नणंदेचं, जमिनीच्या वाटपाची नोटीस. मामंजींनी अंगठा दिला आन पुढं जुन्नरच्या कोर्टात चपला झिजल्या. तवापासून तुमच्या उंबऱ्यात रजिस्टर घेत न्हाईत. हे मला कुणी सांगितलं न्हवतं. मी सून म्हणून आले तवा ते मिटलेलं व्हतं.

आन गावात आता असं बोलत्यात की शीलानं जमिनीच्या वाटणीची नोटीस काढली, दोनदा काढली, दुसरी तर जाड व्हती. म्हणून पोरगं धरून ठेवलंय. आत्याबाई, त्यात नोटीस न्हवती. त्यात पुस्तक व्हतं कवितेचं.

कार्ड चौथं

जमिनीचं काय लिहू असं मी काकांना विचारलं. मी लिहिणार व्हते की मला काय नको. काका म्हणाले, "उघड्या कार्डावर पोराच्या वतीनं असलं काय लिहू नको." खरं हाय त्यांचं. म्हणून येवढंच लिहिते. पोराच्या बापाचं जे हाय ते तितंच हाय, ते कुठं पळत न्हाई. मी आज त्याच्यासाठी लिहित न्हाई.

मला भ्या वाटतं. हे टोमॅटोची गाडी घेऊन नारायणगावला गेले तवा बी म्हणाले व्हते, जेवायला येतो. आले न्हाईत. दादा म्हणाले चार दिवसांत आणून सोडतो. मला आता कुणी येतो म्हणालं, सोडतो म्हणालं, की मी तारीख लिहून ठेवते. बाकी काय न्हाई. राग न्हाई.

कार्ड पाचवं

वकिलाकडं मी गेले न्हाई. जाणार बी न्हाई, तुमी पोरगं दिलं तर. दुसऱ्या पाकिटात रागानं लिहिलं व्हतं, ते परत आलं ते बरं झालं. ते आता चुलीत घातलं.

तुमाला वाटतं नोकरी गेली तर काय. रखमाजीकाका मे महिन्यात रिटायर व्हत्यात. त्यांची जागा भरणार न्हाईत, काम मलाच करायचं. काका म्हणत्यात, "तुला खुर्ची मिळंल, पगार मिळायचा न्हाई." तरी मी करणार. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून पुढच्या वर्षी घरूनच दहावीला बसणार हाय. दहावी झाली की पोस्टात डाकसेवकाच्या जागा निघत्यात, तितं अर्ज टाकता येतो. लागंल का न्हाई ते मार्कांवर. ते सरकारी असतं.

स्वराजला सांगा, त्याची सायकल मी पुसून ठेवलीय. पाया पडते. शीला.

अवसरी खुर्द
११ मार्च २०२४

आत्याबाई, पाया पडते.

तुमी परत गेल्यावर इकडं काय झालं ते सांगते. पण आधी तुमी आला त्या दिवसाचं, कारण आरतीताई त्यात न्हवत्या, त्यांना बी कळू द्या.

ताई, मी पत्त्यांवर पिनकोड लिहित व्हते. खिडकीतून आवाज आला, "शीला टपालवाली हितंच का?" मी मान वर केली न्हाई, आवाजानंच हात थांबला.

काका म्हणाले, "हितंच. आवक हाय का जावक?"

आत्याबाई म्हणाल्या, "नातू हाय."

काका म्हणाले, "मग आवक. आत घ्या."

स्वराज टेबलाखालून शिरला. मी त्याला धरलं. पोरगं जाड झालंय, ताई. ते तुमच्या हातचं हाय, त्याबद्दल मी तुमचं नाव घेते.

आत्याबाई, तुमी बाकावर बसला, चहा नको म्हणाला, मग दोनदा प्यायला. माझं काम सुटंस्तवर बसून ऱ्हायला. पोरं येत व्हती, मास्तर येत व्हते, "शीलाताई माझं आलं का", "शीलाताई हे आजच जायला पायजे." तुमी सगळ्यांकडं डोळे बारीक करून बघत व्हता. मग म्हणाला, "म्या म्हणत व्हते बाजारात वाटती. ही तर बसल्या जागी समद्यांना वाटती." आन मग खाली बघून म्हणाला, "पयली दोन माघारी लावली, त्यात तू लेकराचंच लिवलं आसंल हे म्या काय जाणं? जानकू म्हणला हात लावू नको. म्या न्हाई लावला."

मी म्हटलं चूक माझी बी हाय. मला वाटलं सगळ्यात पक्कं ते धाडावं.

तुमी म्हणाला, "कार्डं पोस्टमननं गिरणीवर वाचली. समद्या बायांनी ऐकली. चौथं वाचलं तवा गिरणीवाल्यानं गिरण बंद केली." मला लाज वाटली. पण बरं बी वाटलं.

जानकूदादांचं मी विचारलं. तुमी म्हणाला, "त्याला म्हणले, पोराला जीपनं नेते. त्यो काय बोलला न्हाई." आत्याबाई, काय बोलले न्हाईत हे चांगलं का वाईट, ते मला अजून कळलं न्हाई. त्याचाच इचार मी करते.

आता इकडचं. तुमी गेल्यावर स्वराजनं काकांकडून हातावर आवकचा शिक्का मारून घेतला. दोन दिवस तो हात धुऊ देईना, जेवला बी डाव्या हातानं. शाळेत बाईंना दाखवला. बाई म्हणाल्या, "ठीक हाय, नोंद झाली."

सांजच्याला अंगणात मोटारसायकल थांबली की मी त्याला आत घेते. दादा न्यायला आले असं वाटतं. दूधवाला असतो. स्वराज म्हणतो, "आई, तू सारखी का वढती मला?" मी म्हणते, थंडी हाय. आता कसली थंडी, उन्हाळा लागला.

असं किती दिवस करणार. पोराला आजी पायजे, ते मला दिसतंय. झोपताना तुमची गाणी म्हणतो, अर्धी येत्यात, अर्धी मला विचारतो, मला येत न्हाईत. बापाचं घर पायजे, तुमचा गोठा पायजे. मे महिन्यात सुट्टी लागली की त्याला तुमच्याकडं धाडावं असं माझ्या मनात हाय. आन धाडायचं म्हटलं की चंपाषष्ठी आठवती.

तुमी जीपमधी बसताना म्हणून मी इचारलं, "आत्याबाई, मी आता एक रजिस्टर धाडीन. घ्याल का?" तुमी पदर तोंडाला लावला. जीपवाला म्हणाला, "मावशे, सरका आत." जीप गेली. तुमी व्हय म्हणाला न्हाईत, न्हाई बी म्हणाला न्हाईत.

तर हे तेच रजिस्टर हाय. ताई, तुमी हे वाचायला घेतलं असंल तर आत्याबाईंनी दारात उभं राहून अंगठा दिलेला हाय, सगळ्यांदेखत, दादा घरात असतील तर दादांदेखत. न्हाईतर हे वाचलंच जाणार न्हाई, लाल पेननं लिहून माझ्या टेबलावर येईल.

ह्यात नोटीस न्हाई. येवढंच हाय. सुट्टी लागली की मी स्वराजला स्वतः घेऊन येते, एक रात ऱ्हाते, आन त्याला ठेवून जाते. शाळा उघडायच्या आधी न्यायला बी मीच येते. तवा त्याची पिशवी भरलेली असावी. दादांना हे परत एकदा वाचून दाखवा, ते काय बोलले न्हाईत तरी वाचा.

काकांना मी इचारलं, त्या अंगठ्याला कोर्टात काय किंमत असती का. काका म्हणाले, "काय न्हाई. कागद पोचला, येवढंच त्यानं कळतं." मी म्हटलं मला तेवढंच पायजे. बाकीचं मी मानते.

पोचपावतीचं कार्ड फिरून माझ्याच पिशवीत येतं. हे धाडलं की रोज पिशवी आल्यावर मी पाकिटं बाजूला सारून आधी कार्डं बघीन. शिक्का तवर काका मारत बसतील.

ते आलं की स्वराजला दाखवीन, ही तुझी आजी. मग मे महिन्याची एसटी बघते.

अंगठा नीट द्या, आत्याबाई. पुसट नको.

शीला